गल्ल्यात अडकलेला पगार

हॉटेल कामगाराचा पगार सहसा एका फटक्यात बुडत नाही. पहिल्या महिन्याचे पैसे 'डिपॉझिट' म्हणून मागे राहतात. पुढच्या महिन्यांत खाडे, फुटलेला ग्लास, बिल न देता निसटलेले गिऱ्हाईक अशा नावांनी थोडी थोडी कात्री लागते. काम सोडताना 'दहा तारखेनंतर ये, हिशेब करू' असे उत्तर मिळते आणि दहा तारखेनंतर गेल्यावर मॅनेजर बदललेला असतो किंवा शेट गावी गेलेले असतात. टीप तर या हिशेबात कधी धरलेलीच नसते. ठाणे स्टेशनाबाहेरच्या खानावळी, घोडबंदर रस्त्यावरची बार-रेस्टॉरंट, कल्याण-शीळ रस्त्याकडेचे ढाबे, डोंबिवलीची पोळी-भाजी केंद्रे, यांत राबणाऱ्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

या रीतीच्या समर्थनासाठी काही ठरलेली विधाने आहेत. गल्ल्यावर बसलेला माणूस ती इतक्या सहजपणे बोलतो की ऐकणाऱ्या कामगारालाही ती कायद्याची कलमे वाटू लागतात. ती कायद्याची कलमे नाहीत. बहुतेक ठिकाणी कायदा नेमका उलट बोलतो, आणि आज नव्हे, १९३६ पासून बोलतो.

पहिले विधान लहान हॉटेलांचे: 'आमच्याकडे पाच-सहा पोरं, एवढ्याशा धंद्याला कुठला कायदा?' या समजुतीचे मूळ शॉप अ‍ॅक्टमध्ये आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू झाला आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कामाचे तास, रजा, नोंदणी यांबाबत लहान हॉटेलांना सूट मिळाली हे खरे. परंतु पगाराचा कायदा हा नव्हेच. पगार ठरतो तो वेतन संहिता, २०१९ या केंद्रीय कायद्याने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आणि १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम व १९४८ चा किमान वेतन अधिनियम तिच्यात विलीन झाले. जुन्या १९३६ च्या कायद्याचे संरक्षण महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच होते. संहितेत अशी पगाराची अट नाही आणि माणसांच्या संख्येचीही नाही. एकच पोऱ्या ठेवणारा चहावाला आणि शंभर माणसांचे बँक्वेट हॉल चालवणारी कंपनी, दोघांनाही पगाराच्या बाबतीत तीच कलमे लागू होतात.

याचा अर्थ डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रात फार स्पष्ट दिसतो. नोकरदारांच्या या गावात संध्याकाळच्या लोकलमधून उतरणारी माणसे पोळ्यांचे पुडके घेऊन घरी जातात. त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हिशेब नगावर असतो. भिंतीला टांगलेल्या वहीत चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, अशा जुड्या वाढत जातात. करपलेली पोळी जुडीतून वजा होते, गॅस संपल्यामुळे वाया गेलेला तास वहीत येतच नाही. 'ती नोकर नाही, नगावर काम करते' हे इथले उत्तर. संहितेच्या १२ व्या कलमाने हे उत्तर बंद केले आहे. नगावर काम असले आणि त्या कामासाठी तासाचे किंवा दिवसाचे किमान वेतनच ठरलेले असले, तर नगांचा हिशेब काहीही येवो, त्या किमान वेतनापेक्षा कमी रक्कम हातावर ठेवता येत नाही. जुन्या किमान वेतन कायद्यातही हीच तरतूद होती. म्हणजे ही बाई नव्या कायद्याने कामगार झाली असे नाही, ती आधीपासूनच होती.

दुसरे विधान अडकवलेल्या पगाराचे. 'एक महिन्याचा पगार मागे ठेवला नाही तर पोरं टिकत नाहीत. उद्या उठून गेली तर हॉटेल कोणी चालवायचं?' मालकाची ही अडचण खोटी नाही. दिवाळीच्या तोंडावर किंवा होळीला गावी गेलेला तंदूरवाला परत येत नाही, शनिवारी रात्री भांडीवाला गायब होतो आणि मोरीत ताटांचा ढीग लागतो, हे रोजचे आहे. परंतु माणूस टिकवायचा उपाय त्याचीच मजुरी ओलीस ठेवणे हा होऊ शकत नाही. संहितेच्या १७ व्या कलमानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. 'डिपॉझिट' नावाची कपात कायद्याने मान्य केलेल्या कपातींच्या यादीत कुठेही नाही. पहिल्या महिन्याचा पगार मागे ठेवणे म्हणजे आठव्या तारखेपासून कायदा मोडत राहणे.

काम सुटल्यानंतरच्या पैशांबाबत संहितेने एक महत्त्वाची भर घातली आहे. १९३६ च्या कायद्यात मालकाने काढून टाकलेल्या कामगाराला दोन दिवसांत पैसे देण्याची सक्ती होती, पण स्वतःहून सोडणाऱ्याचा उल्लेख नव्हता. 'तू सोडलंस, आम्ही काढलं नाही' हे वाक्य याच फटीतून आले. संहितेने फट बुजवली. काढले असो, कामगारकपात केली असो, हॉटेल बंद पडले असो की कामगाराने राजीनामा दिला असो, दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशेब चुकता करायचा. नोटीस न देता गेला म्हणून पंधरा दिवसांचा पगार गिळण्याची मुभाही नाही. बिननोटीस गैरहजेरीसाठी जादा कपातीची जी तरतूद आहे ती दहा किंवा अधिक कामगारांनी मिळून, वाजवी कारणाशिवाय काम सोडले तरच लागू होते आणि तीही जास्तीत जास्त आठ दिवसांच्या पगारापुरती. रात्रीची कर्जत लोकल पकडून निघून गेलेल्या एकट्या वेटरला ती लावता येत नाही.

उचल घेतलेल्या कामगाराची गोष्ट जरा वेगळी दिसते, म्हणून तिचा गैरवापर जास्त होतो. घरच्या आजारपणासाठी किंवा लग्नासाठी दिलेली उचल पगारातून वळती करून घेण्याचा मालकाला हक्क आहे. पण सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, ही मर्यादा १८ व्या कलमात आहे. उचल फिटेपर्यंत आधार कार्ड किंवा एटीएम कार्ड काढून घेणे, गावी जाऊ न देणे, हा वसुलीचा प्रकार नव्हे. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली आहे आणि कर्जाच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणे याच पद्धतीत मोडते. हॉटेलच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या, गावाकडची भाषा बोलणारे एकही माणूस जवळ नसलेल्या कामगाराला हे माहीत नसते, आणि त्याच्या या अज्ञानावरच उचलीचा धाक चालतो.

तिसरे विधान कपातींचे: 'नुकसान केलं तर भरून कोण देणार?' कायदा नुकसानभरपाई नाकारत नाही. तो तीन गोष्टी विचारतो. वस्तू किंवा पैसे त्या कामगाराच्या ताब्यात खास सोपवले होते का, नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे झाले का आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली का. सहा नंबरच्या टेबलावरचे चौघे हात धुवायला म्हणून उठले आणि मागच्या दाराने गेले, तर त्यात वेटरची हयगय कोणती? दार सांभाळणे हे त्याचे काम नव्हते, गल्ल्यावर तो बसला नव्हता. तरीही १,२०० रुपयांचे बिल त्याच्याच नावावर चढते. कायद्याच्या तिन्ही प्रश्नांना इथे 'नाही' हेच उत्तर आहे.

दंडाचेही तसेच. उशीर झाला शंभर रुपये, दाढी केली नाही पन्नास, मोबाइल हातात दिसला दोनशे, अशी यादी अनेक किचनच्या भिंतीवर चिकटवलेली असते. दंड कोणत्या चुकांसाठी घ्यायचा त्याला आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, त्या महिन्यातले सगळे दंड मिळून पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत, आणि ९० दिवसांनंतर वसूलही करता येत नाहीत. १५,००० रुपये पगाराच्या कामगाराला एका महिन्यात ४५० रुपयांहून अधिक दंड होऊच शकत नाही. शिवाय जमा झालेला दंड मालकाचा नसतो. तो नोंदवहीत लिहून कामगारांच्या हिताच्या, मान्य झालेल्या कामांवरच खर्च करायचा असतो.

'राहायला जागा देतो, दोन वेळचं जेवायला देतो, ते पैसे कोण मोजतो?' हे चौथे विधान सगळ्यात जास्त पटण्यासारखे वाटते. ठाण्यात खोलीचे भाडे काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण ही जागा म्हणजे बहुधा दुपारी चारपर्यंत आणि रात्री एकनंतर टेबले सरकवून टाकलेली अंथरुणे असतात, आणि जेवण म्हणजे किचनमध्ये उरलेला डाळ-भात. त्याची बाजारभावाने किंमत लावून पगारातून वजा करण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही. पगाराऐवजी वस्तुरूपात काही दिले तर एकूण देय वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतचेच मूल्य वेतनाचा भाग धरता येते, असे संहितेची व्याख्याच सांगते. उरलेले ८५ टक्के पैशातच द्यायचे. जेवणखाण दाखवून निम्मा पगार कापणारा हिशेब या एका वाक्यापुढे कोसळतो.

टिपेचा प्रश्न मात्र वेगळा मांडावा लागतो, कारण इथे पैसा देणारा तिसराच माणूस असतो. पूर्वी तो प्रश्न फारसा उठत नसे. ४८० रुपयांचे बिल, चामडी फोल्डरमध्ये ५०० ची नोट, परत आलेले वीस रुपये बडीशेपेच्या वाटीखाली सोडून गिऱ्हाईक उठले, की ते वीस रुपये वेटरच्या खिशात. आता गिऱ्हाईक गल्ल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करते, ४८० च्या जागी ५३० टाकते आणि 'बाकीचे त्याला द्या' असे सांगून जाते. पन्नास रुपये मालकाच्या बँक खात्यात पोचले. गिऱ्हाइकाला वाटते वेटरला दिले. वेटरला वाटते रात्री मिळतील. महिनाअखेरीस विचारले तर 'सगळं खात्यात एकत्र आहे, वेगळं कसं काढणार?' हॉटेल मालकाचे, गिऱ्हाईक मालकाचे, क्यूआर मालकाचा, म्हणून टीपही मालकाची, असा हा युक्तिवाद.

या युक्तिवादाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे, आणि ते देताना हॉटेल उद्योगाचीच बाजू मान्य केली आहे. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते की कार्डाने दिलेली टीप हॉटेलमार्फत कामगारांना मिळते, म्हणून ती पगार आहे आणि हॉटेलांनी त्यावर उद्गमी करकपात करायला हवी होती. आयटीसी आणि इतर हॉटेल कंपन्यांनी याला विरोध केला. हे पैसे आमचे नाहीतच, गिऱ्हाइकाने कामगाराला दिलेले आमच्या हातून फक्त पुढे जातात, अशी त्यांची भूमिका होती. २६ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ती मान्य केली. टीप हा पगार नव्हे, ती गिऱ्हाइकाकडून येते, आणि वाटप होईपर्यंत हॉटेल ती रक्कम कामगारांसाठी विश्वस्त म्हणून बाळगते, असा निर्णय झाला. कर वाचवायच्या वेळी जी रक्कम कामगाराची ठरवून घेतली, तीच महिनाअखेरीस मालकाची कशी होते? मोठ्या हॉटेलांनी मिळवलेला हा निर्णय नौपाड्यातल्या लहान रेस्टॉरंटलाही तितकाच लागू आहे. विश्वस्ताने दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात मिसळला म्हणून तो त्याचा होत नाही.

मालकांचे सल्लागार या निर्णयातलेच एक वाक्य पुढे करतात. कामगाराला मालकाकडून टीप मागण्याचा निहित हक्क नाही, असेही न्यायालयाने म्हटले आहे. त्या वाक्याचा संदर्भ पाहिला पाहिजे. टीप देणे ऐच्छिक आहे, गिऱ्हाइकाने दिलीच नाही तर मालकाने ती पदरची द्यावी असा करार नाही, एवढेच तिथे म्हणायचे आहे. न दिलेल्या टिपेवर हक्क नाही. दिलेल्या टिपेबाबत मात्र विश्वस्ताचे नाते त्याच निकालात सांगितले आहे. दोन वाक्यांतले एक उचलून दुसरे झाकणे ही कायद्याची मांडणी नव्हे.

सेवा शुल्काची कथा याहून जुनी आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेल आणि राजस्थानातील हॉटेल कामगार संघटना यांच्यातला वाद १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. टिपेच्या जागी बिलात लावलेले सेवा शुल्क कामगारांत वाटावे, हा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय तिथे टिकला, कारण ही रक्कम मालकाच्या खिशातून जात नाही, गिऱ्हाइकाकडून कामगारांसाठी येते. अलीकडे वाद गिऱ्हाइकाच्या बाजूने उठला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी, बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये असे निर्देश दिले. रेस्टॉरंट मालकांच्या राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि हे शुल्क कामगारवर्गाच्या हिताचे आहे, हाही एक मुद्दा त्यांनी मांडला. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका प्रत्येकी एक लाख रुपयांच्या खर्चासह फेटाळल्या. गिऱ्हाइकावर शुल्काची सक्ती करता येत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाने ते राजीखुशीने दिले, त्याचे पैसे कोणाच्या हिताचे हे मालक संघटनांनीच न्यायालयापुढे सांगून ठेवले आहे.

टीप हा पगार नाही याची दुसरी बाजू कामगाराच्या फायद्याची आहे. 'पगार कमी आहे पण टीप चांगली सुटते' असे सांगून किमान वेतनापेक्षा कमी पगारावर माणूस ठेवला जातो. अमेरिकेत टीप धरून किमान वेतन पूर्ण करण्याची मुभा मालकाला आहे आणि तिथल्या केंद्रीय कायद्याने वेटरचा रोख दर ताशी २.१३ डॉलरवर १९९१ पासून गोठलेला आहे. भारतीय कायद्यात अशी मुभा नाही. महाराष्ट्रात हॉटेल आणि उपाहारगृहांसाठी किमान वेतनाचे दर ठरवून दिलेले आहेत आणि विशेष भत्ता जानेवारी व जुलैत सुधारला जातो. हे सर्व मालकानेच भरायचे. गिऱ्हाइकाच्या उदारपणातून ते वळते करता येत नाही.

टिपा एकत्र डब्यात टाकून वाटण्याची पद्धत चुकीची नाही, उलट ती न्याय्य असू शकते. तंदूरसमोर घाम गाळणाऱ्याला, मोरीत बारा तास उभ्या असलेल्या पोऱ्याला गिऱ्हाईक कधी दिसतही नाही. त्यांना वाटा मिळायलाच हवा. पण डब्याची किल्ली कोणाकडे आणि वाटे कोण ठरवतो, यावर सगळे अवलंबून आहे. डब्यातला पहिला वाटा मॅनेजरचा, फुटलेल्या कपबशांचे पैसे डब्यातून, दिवाळीची मिठाईही डब्यातून, असे चालले की तो डबा कामगारांचा राहत नाही.

आणि इथे कायद्यात खरोखर एक उणीव आहे, ती मान्य करायला हवी. टीप पगार नसल्यामुळे, अडकवलेली टीप घेऊन कामगार वेतन प्राधिकाऱ्याकडे गेला तर 'हा वेतनाचा दावा नाही' असे ऐकावे लागण्याची शक्यता असते. मग उरतो तो संघटनेमार्फत औद्योगिक विवादाचा किंवा दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. रामबाग पॅलेसचे कामगार लढले ते संघटनेच्या बळावर, आणि बारा माणसांच्या हॉटेलात संघटना नसते. ब्रिटनने ही उणीव भरून काढली. २०२३ मध्ये टीपवाटपाचा स्वतंत्र कायदा केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपेतला एकही पेनी ठेवता येत नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ती न्याय्य रीतीने वाटावीच लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. महाराष्ट्राला यासाठी नवा कायदाही नको. शॉप अ‍ॅक्टमध्ये एक कलम पुरेल: टीप व सेवा शुल्क वेगळ्या नोंदवहीत लिहावे, सात तारखेच्या आत पूर्ण वाटावे आणि वाद झाल्यास वेतनासारखाच दावा चालावा. हे कलम संख्येच्या अटीबाहेर ठेवले पाहिजे, नाहीतर ज्या लहान हॉटेलांत त्याची सर्वात जास्त गरज आहे तिथेच ते पोचणार नाही.

'धंद्यात परवडत नाही' हे शेवटचे आणि सर्वांत वजनदार विधान. भाडे, गॅस, परवान्यांची फी, घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन यांनी हॉटेल व्यवसाय जेरीस आला आहे, यात खोटे काही नाही. मद्यावरच्या करवाढीविरोधात १४ जुलै २०२५ रोजी 'आहार' संघटनेच्या हाकेवर राज्यभरातले बार आणि परमिट रूम बंद राहिले, ते उगाच नव्हे. पण सरकारशी भांडण असेल तर ते सरकारशी करावे, मोरीवरच्या पोराच्या पगारातून त्याची भरपाई होऊ नये. किमान वेतनसुद्धा देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने क्राउन अ‍ॅल्युमिनियम प्रकरणात १९५७ साली सांगितले. १९६१ च्या उनिचोयी प्रकरणात मालकाची ऐपत हा किमान वेतनाचा निकषच नाही, हे स्पष्ट केले. आणि १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती भगवती यांनी किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठ आहे, असा निर्णय दिला. हा अनुच्छेद नागरिक असा शब्द वापरत नाही. नेपाळहून आलेल्या वेटरलाही त्याचे संरक्षण आहे.

परवडण्याचा हिशेब करायचाच असेल तर तो पूर्ण करावा. समजा पगार १५,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, सकाळी अकरा ते रात्री अकरा काम, मध्ये एक तास विश्रांती. दिवसाला अकरा तास, आठवड्याला ६६. कायद्याची आठवड्याची मर्यादा ४८ तास. जादा तास आठवड्याला १८, म्हणजे महिन्याला ७८. तासाचा दर साधारण ७२ रुपये, जादा कामाचा दुप्पट दर १४४. महिन्याची जादा कामाची रक्कम होते ११,२०० रुपयांच्या वर. पगाराच्या तीन-चतुर्थांश इतकी ही रक्कम दर महिन्याला न मागता, न लिहिता मालकाकडे राहते. कामगारामुळे धंदा परवडत नाही असे म्हणण्याआधी ही ओळ वहीत यायला हवी.

'हॉटेल मी चालवायला दिलंय, पगाराचं कंडक्टरला विचारा' हे उत्तर ठाणे-कल्याणच्या परमिट रूममध्ये वारंवार मिळते. परवाना एकाच्या नावावर, चालवणारा 'कंडक्टर' दुसरा, किचनचे कंत्राट तिसऱ्याकडे. चालवणाऱ्याने पगार थकवला तर आस्थापनेचा जो मालक असेल त्याच्यावर ती जबाबदारी येते, असे संहितेचे ४३ वे कलम सांगते. कामगाराने तिघांच्या मागे हिंडण्याची गरज नाही, दाव्यात तिघांनाही सामील करता येते.

राहिला पुराव्याचा मुद्दा. 'कागद दाखव' म्हटले की कामगार गप्प होतो, कारण वेतनचिठ्ठी त्याला कधी मिळालेलीच नसते. ती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि न दिल्याचा फायदा त्याला घेता येत नाही. पगार न मिळाल्याचा किंवा कमी मिळाल्याचा दावा झाला, की तो दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ५९ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. कामगाराला दाखवावे लागते ते एवढेच, की तो तिथे कामाला होता. त्यासाठी यूपीआयने आलेली उचल, ड्युटीचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, गणवेशातला फोटो, पोलीस ठाण्यात दिलेला पडताळणीचा अर्ज चालतो. अन्नसुरक्षा परवान्यासाठी खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीत नाव असेल तर नोकरी नाकारणे मालकाला अवघड जाते. 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर घेतलेली सही तर सुरुवातीपासूनच रद्दबातल आहे. संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा कोणताही करार ६० व्या कलमाने शून्य ठरतो.

दावा ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयामार्फत करता येतो. कामगाराने स्वतः करावा, नोंदणीकृत संघटनेने करावा किंवा निरीक्षकाने करावा. एका हॉटेलातल्या कितीही जणांचा एकच अर्ज चालतो. जुन्या कायद्यांत वेळेची मुदत सहा महिने आणि एक वर्ष होती, आता ती तीन वर्षे आहे. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर होऊ शकते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर औद्योगिक कामगाराला १९८७ च्या कायद्याने मोफत विधी सेवा मिळते, तिच्यासाठी ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आणि निकालानंतरही शेटने पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे.